सिनेमाचा जामीनदार

सोनेतारण कर्जाच्या अर्जात ‘कर्जाचे प्रयोजन’ नावाचा एक रकाना असतो. मराठी माणसाच्या कल्पनाशक्तीचा खरा बहर पाहायचा असेल, तर कथा-कादंबऱ्या बाजूला ठेवून हा रकाना वाचावा. माणसे तिथे ‘शेती’ लिहितात, ‘शिक्षण’ लिहितात, ‘घरदुरुस्ती’ लिहितात. घरदुरुस्ती म्हणजे बहुधा मुलीचे लग्न असते, शिक्षण म्हणजे मोटारसायकल असते, आणि शेती म्हणजे काय असेल ते परमेश्वरालाच ठाऊक. वीस-बावीस वर्षे काउंटरच्या अलीकडे बसून मी हे साहित्य वाचतो आहे. पण ‘सिनेमा काढणे’ असे प्रयोजन कुणी प्रामाणिकपणे लिहिलेले मी पाहिले नाही. याचा अर्थ सोने ठेवून कुणी सिनेमा काढत नाही असा नव्हे. माझ्या मते मराठी सिनेमाचा बराचसा इतिहास ह्याच रकान्यात लपलेला आहे. फक्त त्यावर ‘घरदुरुस्ती’ असे लिहिलेले आहे, एवढेच.

मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. मी बी.कॉम. आहे. इतिहासाकडे मला वळवले ते साताऱ्याच्या आमच्या मित्रमंडळाने. मी मूळचा साताऱ्याचा आणि नोकरीने सांगलीचा. सातारकर हे स्थलांतर मानत नाहीत. १९४९ साली सांगलीकडचा मुलूख आणि आजूबाजूची संस्थाने मिळून जो जिल्हा झाला, त्याचे नावच ‘दक्षिण सातारा’ होते. ते बदलून ‘सांगली’ झाले १९६० साली. त्यामुळे सातारकराच्या मनात सांगली म्हणजे वाटणी घेऊन वेगळा राहिलेला धाकटा भाऊ. बोलायचे प्रेमाने, पण ‘मूळ घर आमचेच’ हे विसरू द्यायचे नाही.

तर ह्या मूळ घरच्या मंडळींनी सिनेमा काढायचे ठरवले. मंडळी म्हणजे एक चित्रकलेचे मास्तर, एक फोटोस्टुडिओवाला, एक हार्डवेअरचा दुकानदार आणि एक एसटीतला कंडक्टर. गोष्ट कंडक्टरची. डोंगरातल्या एका गावाला रात्री मुक्कामाची एसटी येते. एक दिवस ती बंद होते. बस्स, एवढीच गोष्ट. मला ती आवडली. कारण मुक्कामाची गाडी म्हणजे काय, हे ज्याने पहाटे पाचला तिची वाट पाहिली आहे त्यालाच कळते. अंदाजपत्रक नऊ लाखांचे. हल्ली नऊ लाखांत लग्नाचा मांडवही धड उभा राहत नाही, म्हणून मंडळींना ही रक्कम फारच माफक वाटत होती. वाईला शूटिंग करू, असे स्टुडिओवाला म्हणाला. मी म्हटले, वाई आता आपली राहिलेली नाही. २००३च्या ‘गंगाजल’साठी तिचा बिहार झाला, २००४च्या ‘स्वदेस’साठी मेणवलीच्या घाटाचा उत्तर प्रदेश झाला. तिला सातारा जिल्ह्याची भूमिका द्यायची तर भाडे कोण भरणार?

“ते असूंदे,” कंडक्टर म्हणाला, “तू हिशेब बघायचा. लेका, बँकेतला माणूस हाईस तू.”

बँकेतल्या माणसाकडे कुणी नवा धंदा घेऊन आला, की तो आधी एकच गोष्ट पाहतो. ह्या धंद्यातल्या जुन्या खात्यांचे काय झाले? म्हणून मी जुनी खाती उघडली.

पहिले खाते अर्थातच दादासाहेब फाळक्यांचे. आजच्या भाषेत ते शंभर टक्के ‘स्वतंत्र निर्माते’. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ साली लंडन गाठले, तिथून कॅमेरा आणला, आणि कुणी पैसे घालायला धजेना म्हणून रोपट्याची वाढ टिपणारी एक छोटी फिल्म करून दाखवली. कोंब वाढताना पाहून ज्याने हात सैल सोडला, त्या धनिकाला माझा दंडवत. आमच्या शाखेत उगवलेले शेत दाखवूनही कर्ज मंजूर होत नाही. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. तारामती झाला होता साळुंके नावाचा एक गडी; तो खानावळीत काम करायचा. हे सगळे आपल्याला पाठ आहे. पण मी हिशेबनीसाच्या नजरेने पाहू लागलो तेव्हा मला सगळीकडे एकच नाव दिसू लागले. सरस्वतीबाई फाळके. फिल्मच्या पट्टीच्या कडेला भोके पाडायला सरस्वतीबाई. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायला सरस्वतीबाई. पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिने द्यायला सरस्वतीबाई. त्या काळच्या अंदाजपत्रकात हा आकडा कुठे धरला असेल? कुठेही नाही. भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथाचित्रपटाचा एक मोठा खर्च वहीत चढलेलाच नाही.

दुसरे खाते आमच्या शेजारच्या कोल्हापूरचे. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे. पहिले महायुद्ध चालू असताना परदेशातून कॅमेरा मिळेना, तेव्हा ह्या गड्याने सहकाऱ्यांना हाताशी धरून चक्क घरीच कॅमेरा बनवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिले कुणी? तानीबाई कागलकर ह्या गायिकेने. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ आला, त्यात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या आणि साळुंक्यांच्या धंद्यावर गदा आली. ह्याच कंपनीतून फुटून १९२९ साली पाच जणांनी ‘प्रभात’ काढली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे कलावंत, पाचवे सराफ. ‘प्रभात’ इतकी कशी चालली, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मला विचाराल तर मी नम्रपणे एवढेच म्हणेन, की त्यांनी सोने गहाण टाकण्याऐवजी सराफच भागीदार करून घेतला.

आता तिसरे खाते. हे आमच्या सांगलीचे, आणि ते उघडताना माझा हात थोडा जड होतो.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते इथे, संस्थानिकांच्या आश्रयाने. देवल इथल्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. अशा ह्या गावात बिऱ्हाड करून होते मास्टर दीनानाथ मंगेशकर. १९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे ह्या तिघांनी किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडून ‘बळवंत संगीत मंडळी’ काढली होती. दीनानाथ तेव्हा अठराही पुरे नव्हते. ह्या वयात आमचा मुलगा मोबाइलचे रिचार्ज स्वतः करू शकत नाही. गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ ह्या मंडळींनी गाजवले. त्यात चिंतामणराव घनश्याम आणि दीनानाथ लतिका. १९३१ साली सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आणले तेही ह्यांनीच.

आणि त्याच १९३१ साली पडदा बोलू लागला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि नाटक कंपन्यांच्या पोटात गोळा उठला.

हा गोळा का उठला ते जरा हिशेबाने पाहू. नाटक कंपनी म्हणजे चाळीस-पन्नास माणसांचे चालते-फिरते एकत्र कुटुंब. नट, तबलजी, सारंगिये, शिंपी, आचारी, पडदे ओढणारे, आणि काय करतात हे कुणालाच ठाऊक नसलेले दोघे-चौघे. खेळ असो-नसो, पंगत बसायचीच. उलट बोलपटाचा नायक एका डब्यात मावतो, दिवसाला तीन खेळ करतो, त्याचा आवाज बसत नाही, आणि तो जेवत नाही. न जेवणाऱ्या नटाशी जेवणाऱ्या नटाने स्पर्धा कशी करायची? तेव्हा मोठमोठ्या मंडळींनीही पडद्याकडे तोंड वळवले. खुद्द बालगंधर्वांनी ‘प्रभात’शी भागीदारी करून १९३५च्या ‘धर्मात्मा’त एकनाथ केला, ती भागीदारी त्या एकाच चित्रपटावर थांबली.

बळवंत मंडळींनी तर दुसऱ्याच्या दारी न जाता स्वतःचीच ‘बळवंत पिक्चर्स’ काढली. पहिला चित्रपट ‘कृष्णार्जुन युद्ध’, साल १९३४. दिग्दर्शक दोन : एक चिंतामणराव, आणि दुसरे विश्राम बेडेकर. बेडेकर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, कंपनीसाठी ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक लिहून चुकले होते, आणि सिनेमा दिग्दर्शित करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. दीनानाथ निर्माते, शिवाय पडद्यावर होते आणि गायलेही. चित्रपट मराठीत केला आणि हिंदीतही केला. म्हणजे एका सिनेमाच्या अनुभवाआधीच दोन सिनेमे!

आणि गोष्ट कोणती निवडली, पाहा. एक गंधर्व आकाशातून विमानाने चालला असता विड्याची पिंक टाकतो, ती खाली अर्घ्य देणाऱ्या गालव ऋषींच्या ओंजळीत पडते. ऋषी श्रीकृष्णाकडे तक्रार नेतात, कृष्ण गंधर्वाच्या वधाची प्रतिज्ञा करतो, इकडे गंधर्वाला अभय देऊन बसतो अर्जुन. झाले! जन्माचे सखे, एका तिऱ्हाइताच्या पिंकेपायी समोरासमोर. मित्रांनी मिळून सिनेमा काढताना जी गोष्ट निवडू नये, नेमकी तीच. आमच्या मास्तरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी हातातले पान हळूच खिशात परत ठेवले.

चित्रपटाने कंपनीला हात दिला नाही. दीनानाथांनी एकूण तीन चित्रपट काढले, आणि तिन्ही मिळूनही कंपनी तरली नाही. नाटकाची पेढीही गेली.

ह्यात कुणाचे गाणे कमी पडले नव्हते. मला जे दिसते ते असे, की नाटकाचा धंदा रोखीचा असतो आणि सिनेमाचा उधारीचा. नाटकाचा पहिला अंक लांबला तर पुढच्या खेळाला तो कापता येतो. पद रंगले तर वन्समोअर घेता येतो. आजचा गल्ला आज मोजता येतो, आणि तोटा झालाच तर तोही रोजच्या रोज, चिल्लरीत. सिनेमात आधी सगळा पैसा ओतायचा. परदेशातून येणारी कच्ची फिल्म, यंत्रे, दिवे, माणसे, दोन-दोन भाषा. मग हात जोडून बसायचे. चूक कळते तेव्हा ती दुरुस्त करण्यापलीकडे गेलेली असते. सोळा वर्षे ज्यांनी रोजच्या गल्ल्यावर संसार केला, त्यांना अचानक सगळी पुंजी एका डावावर लावावी लागली. अशा कर्जाला आमच्याकडे आधी परतफेडीचा तक्ता मागतात. तो मागणारे तेव्हा कुणी नव्हते. सिनेमाला सरकारने उद्योगाचा दर्जा दिला तो १९९८ साली. तोवर बँकेच्या दृष्टीने सिनेमा हा व्यवसाय नव्हता, व्यसन होते.

कुठलेही कर्ज म्हटले की जामीनदार आला. सोनेतारणाला तो लागत नाही, कारण सोनेच जामीन राहते. पण ते सोने कुणाच्या तरी गळ्यातून उतरलेले असते आणि त्या गळ्याला कुणी विचारलेले नसते. बळवंत पिक्चर्सचा जामीनदार कोण? त्याचे उत्तर मिळायला आठ वर्षे लागली. सांगली सुटली, बिऱ्हाड पुण्याला गेले, आणि २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ गेले. वय एक्केचाळीस. मागे पत्नी आणि पाच मुले. त्यातली एक, आशा, सांगलीतच जन्मलेली, १९३३ साली; म्हणजे घरात पाळणा हलत होता तेव्हा बाहेर कंपनीची जुळवाजुळव चालू असणार. थोरली लता. वय बारा. त्याच १९४२ साली ही मुलगी तोंडाला रंग लावून ‘पहिली मंगळागौर’ ह्या चित्रपटात कामाला उभी राहिली. तिला अभिनय आवडत नव्हता, हे तिने पुढे अनेकदा सांगितले आहे. पण हप्ते जामीनदाराच्या आवडीनिवडी पाहत नाहीत. तिची सही कुठल्याही कागदावर नव्हती. १९३४ साली ती पाच वर्षांची होती.

आमच्या काउंटरवर जामीनदार येतात तेव्हा बहुतेकांचा चेहरा सारखाच असतो. ‘मी फक्त सही केली हो’ असे ते म्हणतात. इथे तर सहीसुद्धा नव्हती.

पण खाते इथे बंद केले तर हिशेब चुकेल. बुडीत म्हणून ज्याच्यावर लाल शाई मारली, त्या खात्यात पुढे काय काय जमा झाले ते पाहा. चिंतामणरावांच्या ‘बहुरूपी’ ह्या आत्मचरित्राला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बेडेकरांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ ह्या आत्मचरित्राला १९८५ साली तोच पुरस्कार मिळाला. बुडालेल्या एका सिनेमाचे दोन दिग्दर्शक, आणि दोघांच्याही आत्मचरित्रांना अकादमी! असे उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही. आणि त्या बारा वर्षांच्या जामीनदाराने काय करावे? हप्ते फेडून, घर उभे करून, १९५३ साली तिने स्वतः चित्रपट काढला. मराठीतच. नाव ‘वादळ’. ज्या धंद्यात बाप बुडाला त्याच धंद्यात. ह्याला शहाणपण म्हणायचे की रक्त, हे बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हते.

हे सगळे मी एका रविवारी साताऱ्याला जाऊन मंडळींपुढे वाचून दाखवले. कंडक्टरच्या घरी, कांदाभजी समोर ठेवून. मंडळी थोडा वेळ गप्प राहिली. मग मास्तर म्हणाले, “पण ‘श्वास’चं काय? मित्रामित्रांनीच पैसे घातले होते ना? २००४ साली सुवर्णकमळ मिळालं, ऑस्करला गेला. आणि ‘सामना’? रामदास फुटाणे आमच्यासारखेच चित्रकलेचे मास्तर. १९७५ला बर्लिनला पोचले!”

मी म्हटले, “मास्तर, लॉटरी लागलेल्याचाच फोटो दुकानात लावतात. बाकीच्यांची तिकिटं कुठं जातात?” मग मी माझी एकच अट सांगितली. हिशेब मी पाहीन, पण जामीनदारांना समोर बसवून.

“कोण जामीनदार?”

“आत भजी तळतायत त्या.”

चौघींना बाहेर बोलावले. आमची सौभाग्यवती सांगलीहून बरोबर आलेलीच होती, तीही बसली. मी अंदाजपत्रक वाचले. पुरुषांच्या बैठकीत तीन वेळा वाचूनही ज्याला कुणी बोट लावले नव्हते, त्याला दुकानदाराच्या बायकोने पहिल्याच वाक्यात छेद दिला.

“भावजी, वीस दिवस तीस माणसं म्हणालात. जेवण कोण करणार?”

दुकानदार म्हणाला, “घरचंच की! तुम्ही सगळ्या आहातच...”

“मग ते खर्चात कुठं धरलंय?”

वाचकहो, १९१३ पासून वहीत न चढलेला आकडा तो हाच! मी उठून त्या माउलीला नमस्कार करणार होतो, पण हाताला तेल होते.

मग कंडक्टरच्या बायकोने विचारले, “पैसे बुडणार का हो?”

“बहुतेक बुडतील, वहिनी,” मी खरे ते सांगितले.

तिने नवऱ्याकडे पाहिले नाही. गळ्यातली बोरमाळ नुसती चाचपली. म्हणाली, “ही माझ्या आईची हाय. ही द्यायची न्हाई. पण गोष्ट ह्यांनी आठ वर्सं मनात घोळवलीया, तीबी मारायची न्हाई. बुडाले तरी चालतील तेवढंच घाला की.”

अर्थशास्त्राचा एवढा नेमका सिद्धांत मला कॉलेजच्या तीन वर्षांत कुणी सांगितला नव्हता. तिने तेवढ्यावर सोडले नाही. “आन गोष्टीत समदं गडीच पारावर बसून बोलत्यात. गाडी बंद झाल्यावर बाळंतीण दवाखान्यात कशी न्यायची, ते कुटं हाय? पोरीनं शाळंला कसं जायचं?”

कंडक्टर बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. आठ वर्षे गोष्ट त्याच्या मनात होती आणि गोष्टीतली खरी माणसे त्याच्या घरात होती.

त्या दिवशी अंदाजपत्रक नऊ लाखांवरून चारावर आले. वीस दिवसांचे अकरा झाले. फोटोस्टुडिओवाल्याने भाड्याच्या मोठ्या कॅमेऱ्याचा हट्ट सोडला. स्वयंपाकाला दोघी बायका पगारी लावायचे ठरले, आणि तो पगार खर्चाच्या पहिल्या ओळीत आला. करारनामा मी लिहिला, साध्या मराठीत. कलम पहिले : कुणाच्याही घरचे सोने हलणार नाही. कलम दुसरे : तोटा झाल्यास मित्रांनी एकमेकांशी बोलणे बंद करू नये. खाली आठ सह्या झाल्या. चार निर्मात्यांच्या आणि चार जामीनदारांच्या.

सिनेमाचे निम्मे शूटिंग आता झाले आहे. चांगला होईल की नाही ते मला सांगता येणार नाही. मी फक्त पावत्या पाहतो. परवा नामावली ठरवताना मी सुचवले, की सर्वांत आधी, निर्मात्यांच्याही आधी, एक स्वतंत्र पाटी यावी. तिच्यावर ‘जामीनदार’ असे लिहून त्या चौघींची नावे द्यावीत.

कंडक्टर डोके खाजवत म्हणाला, “आरं, पन लोक हसतील की.”

मी म्हटले, “हसू देत. एकशे दहा वर्षांच्या वरची थकबाकी आहे. निदान नावापुरती तरी भरून टाकू.”